देवघेवीच्या खिडकीवरचा फैसला

इसवी सन १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी वाचकांपुढे एक गाऱ्हाणे मांडले होते. आणि मराठी प्रणयकादंबरीचा इतिहास सांगावयाचा, तर तो ह्या गाऱ्हाण्यापासूनच सांगितला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्हां हिंदू लोकांत विवाहादी बाबतींत ज्या चाली रूढ आहेत, त्यांच्यामुळे आमच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे काही घडतच नाही. रोज डोळ्यांपुढे दिसते तेच लिहावे, तर ते कोणास गोड लागणार नाही, आणि म्हणून लेखकाला अद्भुताची कास धरणे भाग पडते. पुढच्या टीकाकारांनी ह्या प्रस्तावनेची यथेच्छ थट्टा केली. मला मात्र ती एका प्रांजळ माणसाची जबानी वाटते. मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा तेरा-चौदांचा, पत्रिका पाहणार उपाध्ये, याद्या करणार वडीलधारी माणसे, आणि अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांचे तोंडही धड पाहिलेले नाही, अशी ज्या समाजाची रीत, त्या समाजातील कादंबरीकाराने नायक-नायिकांची भेट घडवावी तरी कोठे? रिसबुडांनी ती राजवाड्यांत आणि उपवनांत घडवली. सदाशिव पेठेत घडवण्याची सोय नव्हती.

त्यापूर्वीच्या वाचकाची भूक वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, शुकबहात्तरी, गुलबकावली, हातिमताई अशा ग्रंथांवर भागत असे. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे ते चित्रण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आज पाठ्यपुस्तकांतून मानाने मिरवत असले, तरी त्या वाटेने जावे असे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणास वाटले नाही. उलट चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि तिच्यामागून तिच्यासारख्या कादंबऱ्यांची रांगच लागली. कागदोपत्री नोंद नसलेला असा हा मराठी वाचकाचा पहिला निवाडा होय. ‘मुक्तामाले’ची नायिका विवाहित आहे, पतिव्रता आहे, आणि तिच्यावर जी संकटे कोसळतात ती तिच्या पातिव्रत्याची कसोटी पाहण्यासाठी. ह्यातील युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. लग्नापूर्वी प्रेम दाखवता येत नाही आणि लग्नानंतर एका घरात नांदणाऱ्या नवराबायकोत दाखवण्याजोगे काही उरत नाही, तेव्हा दुष्टांच्या कारस्थानाने त्यांची ताटातूट करावी, रानोमाळ हिंडवावे आणि अखेरीस गाठ घालून द्यावी. म्हणजे विरहही मिळाला, मीलनही मिळाले, आणि शास्त्राचेही काही बिघडले नाही.

विद्वानांना हे रुचले नाही. का. बा. मराठे ह्यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून ह्या वाङ्मयाची झडती घेतली. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ ह्या निबंधात मराठी कादंबरीला युरोपीय कादंबरीचे माप लावून तिचे दारिद्र्य चव्हाट्यावर मांडले. दोघांच्याही विद्वत्तेविषयी वाद नाही. परंतु ज्या काळात कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने स्वतः अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, आणि त्या ज्यांना मिळाल्या त्यांनी दिव्यातले तेल संपेपर्यंत वाचल्या, त्या काळात अद्भुताविरुद्ध पुकारलेली मोहीम जितकी शास्त्रशुद्ध होती तितकीच निष्फळ ठरणार, हे उघड होते. टीकाकार मत छापतो. वाचक मत देतो ते वर्गणीने, तगाद्याने आणि ‘ती दुसऱ्या कोणाकडे गेली आहे’ हे उत्तर ऐकून रिकाम्या हाताने परत जाण्याने. हे दुसऱ्या प्रकारचे मत आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच आढळते, आणि मला येथे त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

ते मत जेथे नोंदले जाई ती जागा म्हणजे नगर वाचनालय. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नगरास १८३८ मध्ये, नाशकास १८४० मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये, कोल्हापुरास १८५० मध्ये अशी ही वाचनालये निघाली. आरंभी त्यांचे नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ ह्या थाटाचे असे, आश्रयदाते साहेब लोक आणि संस्थानिक असत, आणि उद्देश एतद्देशीय लोकांत उपयुक्त ज्ञानाचा प्रसार व्हावा असा असे. उपयुक्त ज्ञान कपाटात शिस्तीने उभे राहिले आणि गोष्टीची पुस्तके घरोघर हिंडू लागली. पुढे १८९३ साली ठाण्यास आणि १८९८ साली मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, ती केवळ मराठी ग्रंथ जमवावे ह्या अभिमानाने. आणि कोणतेही मराठी पुस्तक टाकाऊ मानावयाचे नाही ह्या त्यांच्या शिरस्त्यामुळेच हलक्यासलक्या मानलेल्या कित्येक कादंबऱ्यांच्या प्रती आजवर टिकल्या आहेत.

मात्र ह्या वाचनालयाच्या खिडकीशी उभा राहणारा सभासद आणि पुस्तकाचा खरा वाचक ह्या पुष्कळदा दोन व्यक्ती असत. कारकून कचेरीतून परत येताना पुस्तक बदलून आणी. ते तो वाचीही. पण दुपारी माजघरात, वडीलधारी मंडळी कलंडली म्हणजे, ते दुसऱ्याच हातांत जाई. स्त्रीने वाचणे हेच त्या काळी धाडस होते. रमाबाई रानडे ह्यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ ह्या पुस्तकात घरातल्या बायकांनी त्यांच्या शिकण्यावरून जो छळ मांडला त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. काशीबाई कानिटकरही घरच्यांच्या टोमण्यांना तोंड देतच अक्षरे गिरवावयास शिकल्या आणि पुढे ‘रंगराव’सारखी कादंबरी लिहिण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. ह्या दोघींच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे: वाचावयास लावणारा नवरा होता. तिचे महत्त्व स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात सर्वांनी ओळखले आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे मराठी प्रणयकादंबरीचा खरा आरंभही तेथेच आहे.

कारण हरिभाऊ आपट्यांनी नेमके हेच हेरले. १८८५ साली त्यांची ‘मधली स्थिति’ ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा तिच्यावर रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराची छाया होती. परंतु १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ आठवड्यामागून आठवडा वाचकांच्या हाती पडू लागली, तेव्हा रिसबुडांच्या गाऱ्हाण्याला बावीस वर्षांनी उत्तर मिळाले. ही कादंबरी विधवेच्या दुःखाची म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिची नायिका यमू हिच्या केशवपनाचा प्रसंग ज्याने वाचला त्याला ती दुसऱ्या कशासाठी आठवावी अशी अपेक्षा करणेही कठीण. तथापि पुण्यातील एकत्र कुटुंबाच्या जाचातून सुटून यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईस बिऱ्हाड करतात, तो तिला शिकवतो, ती हळूहळू त्याच्याशी बोलावयास धजते, दोघांत विचारांची देवघेव सुरू होते, हा जो मधला भाग आहे, त्यासारखी प्रणयकथा मराठीत तोपर्यंत कोणी लिहिली नव्हती. तिच्यात उपवन नाही, चांदणे नाही, दूती नाही. दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे आणि नवरा-बायकोला एकमेकांशी मोठ्याने बोलण्याची मुभा आहे. एवढ्या मुभेसाठी ज्यांचा जीव आसुसला होता अशा वाचकवर्गाला ते पुरेसे होते. सासू समोर असताना नवऱ्याशी चकार शब्द बोलावयाचा नाही ही ज्यांच्या घरची रीत, त्यांना रघुनाथरावाचे साधे ‘बैस’ म्हणणेही रोमांचकारक वाटले असेल तर नवल नाही. हरिभाऊ आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत.

त्या सुमारास मुंबईच्या हायकोर्टात मात्र एक अशी कथा चालू होती की, तिच्यापुढे कोणत्याही कादंबरीकाराची प्रतिभा फिकी पडावी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे साफ नाकारले, नवरा दादाजी भिकाजी ह्याने फिर्याद केली, १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी निकाल रखमाबाईसारखा दिला, पुढे अपिलानंतर १८८७ साली तो फिरून नांदावयास जा नाहीतर सहा महिने कैद भोग असा हुकूम झाला, आणि तिने कैद पत्करीन असे कळवले. १८८८ मध्ये दादाजीस दोन हजार रुपये देऊन मामला मिटला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ज्या विवाहास आपली संमती नव्हती तो आपणांवर बंधनकारक कसा, हा त्यांचा प्रश्न होता. संमती हा तर प्रणयकादंबरीचा पाया, आणि तो प्रश्न मराठी कादंबरीत शिरण्याआधी कोर्टात शिरला. एरवी साहित्य समाजाच्या पुढे धावते असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रणयकादंबरीच्या बाबतीत मराठीत तसे घडले नाही. येथे पुढे कायदा आणि शाळा चालल्या, आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत कादंबरीकार जपून पाऊल टाकीत आला.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीचे मुलीचे वय दहावरून बारा केले. केवढे ते रण माजले! ह्या कायद्याने नायिका जन्मास आली नाही हे खरे. पण १८८४ साली पुण्यास निघालेल्या मुलींच्या हायस्कुलाने, म्हणजे आपल्या हुजूरपागेने, आणि १९१६ साली कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाने ते काम सावकाश केले. हरिभाऊंच्या ‘मी’ कादंबरीत भावानंद आणि सुंदरी परस्परांवर प्रेम करतात, तरी लेखकाला त्यांचे लग्न लावता आलेले नाही. देशसेवेच्या व्रतापायी दोघांच्याही वाट्यास संन्यस्तपण आले आहे. आजच्या वाचकाला ह्याचा राग येतो. माझ्या मते, तो शेवट त्या काळातला सर्वांत खरा शेवट आहे. मोठ्या वयाच्या, शिकलेल्या, एकमेकांस ओळखणाऱ्या स्त्रीपुरुषांनी करावे काय, ह्याचे उत्तर समाजाजवळ तयार नव्हते, आणि हरिभाऊंनी ते खोटे बनवून दिले नाही.

उत्तर तयार झाले ते जवळजवळ चाळीस वर्षांनी. १९२९ साली सारडा कायदा मंजूर होऊन १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा झाले. पांढरपेशा घरांतून ते त्याआधीच सोळा-अठरापर्यंत चढले होते, आणि मॅट्रिक झालेली मुलगी कॉलेजात जाऊन मुलांच्या शेजारच्या बाकावर बसू लागली होती. लग्नापूर्वीचा जो काळ रिसबुडांना सापडत नव्हता तो आता पाच-सात वर्षे लांबीचा मोकळा पडला होता, आणि त्याचा ताबा प्राध्यापक ना. सी. फडके ह्यांनी घेतला. ‘जादूगार’ १९२८ साली, ‘दौलत’ १९२९ साली, ‘अटकेपार’ १९३१ साली, ‘निरंजन’ १९३२ साली. आणि मध्येच १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कादंबरी कशी रचावी ह्याचे शास्त्रही त्यांनी सांगून टाकले. सत्तरांहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक वाचनालयाच्या चिटणीसाला केवढा आधार होता, हे जुन्या देवघेवीच्या वह्या चाळल्यावाचून कळावयाचे नाही.

फडक्यांच्या कादंबरीत टेनिसची रॅकेट आहे, मोटार आहे, चहाचा सुबक संच आहे, थंड हवेचे ठिकाण आहे, आणि गैरसमज व्हावा म्हणून चुकीच्या क्षणी दार उघडणारा कोणीतरी हमखास आहे. त्यांच्या नायिकेला घाम येत नाही, तिला सकाळी पाणी भरावे लागत नाही, आणि तिच्या वडिलांची नोकरी काय हे पुष्कळदा शेवटपर्यंत समजत नाही. हे सारे दोष टीकाकारांनी त्यांच्या हयातीतच इतक्यांदा उगाळले की, त्यात भर घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. तरुण मुलगा आणि तरुण मुलगी एकमेकांशी काय बोलतात, कोणत्या स्वरात बोलतात, थट्टा कोठवर करतात आणि गप्प कधी बसतात, हे हजारो मराठी घरांना त्यांनी प्रथम सांगितले. घरात ह्या संभाषणाचा नमुना नव्हता. आईबापांनी असे संभाषण कधी केलेच नव्हते. ज्यांनी फडके वाचून पत्रे लिहिली अशांची संख्या थोडकी नसावी, आणि त्यांपैकी बहुतेकांनी पुढे चारचौघांत फडक्यांना नावे ठेवली. वाचकाचे उघड मत आणि त्याचे खरे मत ह्यांतली ही तफावत प्रणयकादंबरीइतकी दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकारात सापडत नाही.

तिकडे शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारे वि. स. खांडेकर ‘हृदयाची हाक’ पासून निराळ्या वाटेने चालले होते. त्यांच्या नायकाला प्रेम करावयाचे असते, पण त्याआधी जगाचे दुःख दूर करावयाचे असते. आणि दोन्ही एकदम साधत नाही म्हणून तो पानोपानी व्याकूळ होऊन उपमा देतो. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांचा वाद वाङ्मयेतिहासात सविस्तर नमूद आहे. वाचकांनी तो आपल्यापुरता सोप्या रीतीने सोडवला: ते दोघांनाही वाचत. मला विचाराल तर ‘उल्का’ आज पुन्हा वाचवत नाही आणि ‘दौलत’ वाचता येते, पण वाचून झाल्यावर काही उरत नाही. १९५९ च्या ‘ययाति’त मात्र खांडेकरांना आपला विषय सापडला. कामाची अतृप्ती हा प्रणयकादंबरीचा उलटा चेहरा आहे, आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळवून देणारी कादंबरी तीच, ही गोष्ट आमच्या सोवळ्या समीक्षेने जरा आठवणीत ठेवावी.

ह्या दोन प्राध्यापक-मास्तरांच्या जोडीला १९३३ साली जे पुस्तक येऊन आदळले त्याने खळबळ उडवली, ते म्हणजे विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले ‘कळ्यांचे निःश्वास’. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे. पण पुढच्याच वर्षीच्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीसह ते पुस्तक ह्या इतिहासात आणावेच लागते. शिकलेली, मिळवती, वय वाढत चाललेली अविवाहित मुलगी आपल्या मनातले आणि देहातले स्वतः बोलते आहे, असे मराठीत प्रथमच झाले. ही बाई कोण, की बाईच्या नावाआड लपलेला पुरुष, ह्याविषयी तर्ककुतर्कांना ऊत आला. लेखिका, म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, ह्या शिक्षणक्षेत्रातच काम करीत होत्या आणि ज्यांच्याविषयी लिहीत होत्या त्यांना त्या रोज पाहत होत्या. इतका काळ नायिकेवर मते पुरुषांनी दिली. आता नायिकेने पुरुष कादंबरीकारांवर आपले मत दिले, आणि ते अनुकूल नव्हते. मामा वरेरकरांनी बंगालीतून आणलेला शरच्चंद्रांचा रडवा, दुबळा, तरीही जीव लावणारा नायक मराठी स्त्रियांना इतका का भावला, ह्याचे उत्तर ह्या पुस्तकाशेजारी ठेवून शोधावे. फडक्यांचा नायक पराभूत होत नाही. हरलेल्या पुरुषाची माया वाटते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा आणि तालुक्यांची गावे येथे दुकानवजा खाजगी वाचनालये निघाली. थोडी अनामत ठेवावी, महिन्याची वर्गणी भरावी आणि रोज एक पुस्तक व एक मासिक न्यावे, अशी त्यांची पद्धत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ह्यांनी रंगवलेली मुखपृष्ठे बाहेर दोरीवर लटकत; मुळगावकरांच्या चित्रातली टपोऱ्या डोळ्यांची स्त्री कादंबरीत कोठेही भेटत नसे, तरी तिच्यासाठी कादंबरी नेणारे पुष्कळ होते. पुस्तक आले की दुकानदार त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करी, दाभणाने शिवून टाके, आणि मूळ मुखपृष्ठ कातरून वर चिकटवी. त्या शिवणीत प्रत्येक ओळीच्या आरंभाची अक्षरे अडकत आणि ती वाचकाने अंदाजाने वाचावयाची असत. अशी एखादी प्रत हाती आली तर मजकुराइतकेच समास पाहण्याजोगे असतात. पेन्सिलीने, शाईने, कधी नखाने ओढलेल्या रेघा. पत्राच्या मजकुराखाली दुहेरी रेघ. नायक बाणेदारपणा दाखवतो तेथे ‘वा!’, नायिका त्याग करते तेथे ‘मूर्ख’, आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘तुम्ही असता तर काय केले असते?’ शेवटच्या पानावर फैसला: ‘सुरेख’, ‘टाकाऊ’, ‘पैसे फुकट’, ‘शेवट गोड हवा होता’. कोणी उतावळा शहाणा पहिल्याच पानावर नायिका अखेर कोणाची होते हे लिहून ठेवी, आणि त्याला शिव्या देणारे चार शेरे त्याच्याभोवती जमत. नावानिशी परीक्षण लिहिणाऱ्याला भीड असते. ह्या शेरेबहाद्दरांना ती नव्हती. वाचनालयाचे नियम अर्थातच ह्याविरुद्ध होते.

ह्या दुकानांवर ज्यांचे राज्य होते त्या लेखकांची नावे अभ्यासक्रमात आढळत नाहीत. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर ह्यांच्या कादंबऱ्यांत घर, नाते, मानापमान आणि त्यांच्या फटीतून डोकावणारे प्रेम असे. आणि चंद्रकांत काकोडकर! त्यांच्याइतका हातोहात खपलेला आणि त्यांच्याइतका लपवून वाचला गेलेला लेखक त्या दशकांत दुसरा दाखवता येणार नाही. वाचकाचे मत काय असावे हा प्रश्न त्यांच्याच निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘शामा’ ही कथा आली; निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असे तिचे कथानक. भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली अश्लीलतेची फिर्याद झाली, मॅजिस्ट्रेटने सोडून दिले, हायकोर्टाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला, आणि काकोडकर दिल्लीपर्यंत गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची आहे असे प्रमाणपत्र न्यायमूर्तींनी दिले नाही. परंतु दर्जा कमी असणे हा गुन्हा नव्हे, कृती समग्र वाचून पाहिली पाहिजे, समाजाची मापे काळाप्रमाणे बदलतात, आणि कामविषयाचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक त्याज्य ठरवले तर तरुणांना धार्मिक ग्रंथांवाचून वाचावयास काही उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मराठी टीकेने शंभर वर्षांत जे औदार्य दाखवले नाही ते कोर्टाने एका निकालपत्रात दाखवले. योगायोग असा की, काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित होऊन देशभर गाजला. बाहेर त्यांचे कथानक सहकुटुंब पाहिले जात होते आणि घरी त्यांचे पुस्तक गादीखाली जात होते.

आता माझे एक मत, जे इतिहासकारांस पटणार नाही. मराठीतील सर्वांत यशस्वी प्रणयकादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवली गेली. रणजित देसाईंची ‘स्वामी’ माधवराव पेशव्यांच्या राजकारणासाठी किती जणांनी वाचली आणि माधवराव-रमाबाईंसाठी किती जणांनी, ह्याचा अंदाज बांधावयास देवघेवीची वहीही लागत नाही. राक्षसभुवनच्या लढाईची पाने कोरी करकरीत राहतात आणि थेऊरची पाने हाताळून मऊ पडतात. दहा वर्षांनी आलेल्या ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’चीही गोष्ट तीच. ‘मुक्तामाले’च्या वाचकाला जे हवे होते, म्हणजे विवाहित जोडप्याचे प्रेम, त्यावर संकट, आणि ताटातूट, ते शंभर वर्षांनी पुराव्यांच्या आधाराने आणि उत्तम गद्यात त्याला मिळाले, फक्त पुनर्मीलन तेवढे इतिहासाने नाकारले. १९८२ साली सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आली आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचे प्रेम फडक्यांच्या टेनिस कोर्टावरून उतरून टपरीपाशी आले. तिच्यावर २०१३ साली निघालेला चित्रपट पाहून ज्यांनी पुस्तक मागितले, त्यांतील बहुतेकांना तिच्या लेखकाचे नाव तोवर ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदाने सुरू झाली, आणि त्याबरोबर जीर्ण ग्रंथांचे ‘निर्लेखन’ करण्याचा, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याचा, रीतसर शिरस्ताही आला. ह्या निर्लेखनात सर्वांआधी जातात त्या प्रणयकादंबऱ्या, आणि त्याचे कारण न्याय्य आहे: त्याच सर्वांत जास्त फाटलेल्या असतात. ज्या ग्रंथाला कोणी हात लावला नाही तो शाबूत राहतो आणि संग्रहाचे भूषण ठरतो. जो वाचून वाचून खिळखिळा झाला त्याची रद्दी होते. माझी चिटणीस मंडळींना एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेस यादी करताना काकोडकर, रांगणेकर, फडके ह्यांच्या ज्या प्रतींच्या समासांत शेरे आहेत आणि ज्यांची तारखांची चिठ्ठी अद्याप चिकटलेली आहे, त्या प्रत्येकी एक तरी बाजूला काढून ठेवावी, आणि जुन्या देवघेवीच्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नयेत.